दोऱ्याखालचे लोखंड

भंडारा हा तलावांचा जिल्हा. अड्याळच्या भोवतालीही भाताच्या बांध्या आणि तलाव एकमेकांना धरून आहेत. इथली मासेमारी मुख्यतः ढिवर समाजाच्या जाळ्यांची. गळ हा तिचा धाकटा, एकट्याने करण्याचा प्रकार. जुनी गळाची काठी अगदी साधी असे : निमुळता बांबू, शेंड्याला बांधलेली दोरी आणि दोरीच्या टोकाला गळ. तीत धातू असे तो तेवढाच. पुढे रीळ आले. दोरी काठीच्या अंगावरून धावू लागली आणि तिला वाट दाखवण्यासाठी काठीवर ओळीने कड्या बसू लागल्या. अशा काठ्या बांधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा मला काही वर्षांपासून नाद आहे. या नादाने मला जे शिकवले, ते कडीच्या पायाशी शिकवले.

कडीला तारेचा सांगाडा असतो आणि त्याला एक किंवा दोन चपटे पाय. पाय काठीवर टेकवायचा आणि त्यावर बारीक दोऱ्याचे वेढे एकाला एक लागून द्यायचे. पायाचे टोक जाड असेल, तर दोरा त्यावर चढताना अडखळतो आणि वेढ्यांत फट राहते. म्हणून ते कानशीने घासून पातळ करतात. खालच्या बाजूला धार निघाली, तर तीही पॉलिश पेपरने मोडावी लागते. नाहीतर काठी वाकताना ती तिच्या अंगात रुतते आणि काठी तिथेच दगा देते.

इथवरचे काम बहुतेक जण करतात. पण कानस फिरली, की त्या जागचा मुलामा किंवा रंग निघून जातो आणि आतला धातू उघडा पडतो. साध्या पोलादाला गंज चढायला तेवढे पुरते. न गंजणारे पोलादही पुरते निर्धास्त नसते. त्याचे रक्षण करणारा क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा घासल्यानंतर हवेत पुन्हा धरतो खरा. परंतु कानशीचे लोखंडी कण त्यात रुतून राहिले, तर गंजाचे ठिपके तिथूनच उमटतात. म्हणून घासलेला पाय स्पिरिटने स्वच्छ पुसायचा, त्यावर रंगाचा पातळ हात द्यायचा, तो रात्रभर वाळू द्यायचा आणि मगच दोरा गुंडाळायचा. घाई केली, तर ओला रंग वरच्या रोगणात उतरतो. दोरा चढला, रोगण बसले, की यातले काहीही दिसत नाही.

ओळखीचा एक तरुण मरळ धरण्यासाठी रिळाची काठी वापरतो. बाजारातून आणलेल्या त्या काठीच्या एका कडीवरील रोगण फुगून तडकले होते. मी दोरा उकलला, तेव्हा पायाच्या घासलेल्या भागावर तांबूस थर निघाला. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो रोगणाला आतून उचलतो, फटीतून पाणी शिरते, कडी हलू लागते. अशा हललेल्या कडीवर घासून त्याची दोरी ऐन ओढीच्या वेळी तुटली होती.

“भाऊ, वरून दोरा गुंडाळून द्या ना. आत कोण पाह्यते?” तो म्हणाला. त्यात निष्काळजीपणा नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला तलावावर जायचे होते आणि काठी एक रात्र वाळत ठेवणे म्हणजे एका दिवसाची मिळकत सोडणे. माझा जो नाद, ती त्याची चूल होती. नादाने चुलीला थांबायला सांगावे का? मी माझी काठी त्याला दिली आणि त्याची ठेवून घेतली. निगा राखायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणीतरी सोसावा लागतो, हे मला त्या रात्री रंग वाळताना उमगले.

तलावांचेही असेच आहे. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांमागे कोहळी समाजाचे कसब आहे. पाळीत मुरणारे पाणी, उंदीर-खेकड्यांची बिळे, पाणी सोडण्याच्या तुडुमात अडकणारा गाळ यांकडे सतत लक्ष द्यावे लागे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, आणि ते न्याय्यच होते. तलाव शासनाकडे आले. मात्र ही वर्षानुवर्षांची निगा आता कोणाच्या वाट्याची, हे अनेक ठिकाणी अधांतरीच राहिले. पाळ बाहेरून हिरवी दिसते, तोवर आतल्या गळतीची विचारपूस कोण करतो?

नवे बांधणाऱ्याचे नाव होते. डागडुजी करणाऱ्याचे होत नाही. ‘डागडुजी’ हा शब्दच आपण काहीसा हलका मानून वापरतो. पण वस्तू टिकते ती या हलक्या मानलेल्या कामावर, आणि ते करणाऱ्याला स्वतःखेरीज दुसरा परीक्षक नसतो.

तो तरुण आता पावसाळ्याच्या तोंडी, मासे अंडी घालतात त्या दिवसांत, काठी माझ्याकडे आणून ठेवतो. त्या दिवसांत त्याला घाई नसते. रंगाला हवा तेवढा वेळ वाळता येते.