तीन दिवसांचा गल्ला

भाड्याच्या उत्पन्नावर जगणाऱ्या मनुष्याविषयी आपल्या समाजात दोन परस्परविरुद्ध कल्पना रूढ आहेत. पहिलीप्रमाणे तो परम भाग्यवान होय. महिना उजाडला की लक्ष्मी आपल्या पायांनी त्याच्या दारी येते. दुसरीप्रमाणे तो परम कृपण होय; कुळाच्या डोक्यावर पाऊस गळत असला तरी त्याच्या छातीत कळवळा गळत नाही. आम्ही स्वतः पन्नास वर्षे या दोन्ही कल्पनांचे विषय होतो. कारण पुण्याच्या नाना पेठेत आमच्या वडिलांनी १९५६ साली बांधलेला एक गाळा होता, आणि त्यात मोटारी दुरुस्त करणारे एक मिस्त्री कूळ म्हणून राहत होते.

भाडे महिना पंचेचाळीस रुपये. ते कधी वाढले नाही, कारण ते वाढविणे आमच्या हाती नव्हते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर आणि नव्या जागांची भाडी प्रथम ठरली त्या पातळीवर जणू खिळ्याने ठोकून टाकली होती. पुढे १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने वर्षाला शेकडा चार वाढीची मुभा दिली. त्या मुभेच्या जोरावर आमचे भाडे वाढत वाढत अखेरच्या वर्षी एकशे सोळा रुपयांवर पोहोचले! परंतु मिस्त्री मोठे नेमस्त. दर महिन्याच्या पाच तारखेस सायंकाळी हात धुऊन, टोपी नीट करून ते वाड्यावर येत, चहा घेत आणि पावती खिशात घालून जात. आमची स्कूटर त्यांनी कधी पैसे घेऊन दुरुस्त केली नाही आणि गाळ्याचे पत्रे आम्ही कधी बदलून दिले नाहीत. अशा रीतीने उभय पक्षी हिशेब बरोबर राही.

एकदा वडिलांनी त्यांना विचारले, ‘‘मिस्त्री, सोलापूर रस्त्यावर मोठी जागा मिळत होती म्हणे; का घेतली नाही?’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘अण्णा, आमच्या धंद्यात एक हिशेब आहे. महिन्याचे भाडे तीन दिवसांच्या गल्ल्यातून सुटले पाहिजे. चौथा दिवस लागला की समजावे, आपण मालकासाठी राबतो आहो.’’ वडील हसले. आम्ही तेव्हा महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकत होतो; आम्हीही हसलो, आणि ते वाक्य विसरून गेलो.

२०२३ साली तो गाळा गेला. मिस्त्री निवर्तले होते. त्यांच्या मुलांनी रीतीप्रमाणे किमतीतला मोठा वाटा घेऊन जागा सोडली, एका बांधकाम करणाऱ्याने ती घेतली, आणि उरलेली रक्कम आम्हां भावाबहिणींत विभागली गेली. आमची धाकटी बहीण वैधव्यानंतर आपल्या मुलाजवळ अमेरिकेत टेक्सास प्रांती राहते. तिच्या वाट्याला सुमारे दीड लक्ष डॉलर आले. तिच्या उतारवयाचा सगळा आधार म्हणजे ही एवढीच रक्कम. २०२५ च्या उन्हाळ्यात आम्ही तिला भेटावयास गेलो, तेव्हा पहिल्याच रात्री ती म्हणाली, ‘‘दादा, हा ते पैसे एका इमारतीत घालू म्हणतो. तू एकदा बघून सांग.’’

भाच्याने दुसऱ्या दिवशी कागद आणून पुढे ठेवले. डॅलस शहराच्या उत्तरेस एका उपनगरात हमरस्त्यावर दोन हजार चौरस फुटांची एक बैठी इमारत. तीन मोटारी एका वेळी उभ्या राहतील एवढी तिची रुंदी. जमिनीखाली खड्डा, त्यात उभे राहून कामगार मोटारीचे जुने तेल काढून घेतो आणि वरचा नवे भरतो. कूळ एकच. किंमत वीस लक्ष डॉलर, वार्षिक भाडे एक लक्ष वीस हजार. म्हणजे दर साल दर शेकडा सहा. भाडेपट्टा पंधरा वर्षांचा, दर पाच वर्षांनी भाडे शेकडा दहाने वाढावयाचे. भाचा आणि त्याचे तीन स्नेही अर्धी रक्कम आपली घालणार होते आणि अर्धी कर्जाऊ घेणार होते.

‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘इथे मालकाला काहीच करावे लागत नाही. घरपट्टी कूळ भरते, विमा कूळ उतरवते, छप्पर गळले तर कूळ दुरुस्त करते. याला ‘ट्रिपल नेट’ म्हणतात. तुमच्या नाना पेठेसारखे नाही.’’

हे ऐकून आमच्या मनास जी गुदगुली झाली ती आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. ज्याने पन्नास वर्षे पत्र्यांवरून मनात अपराध बाळगला, त्याला छप्परच दुसऱ्याच्या गळ्यात घालणारा भाडेपट्टा म्हणजे मोक्षच वाटावयाचा. शिवाय भाच्याचे युक्तिवाद पोकळ नव्हते. अमेरिकेतील मोटारींचे सरासरी वय २०२५ मध्ये बारा वर्षांच्या वर गेले आहे. जुनी मोटार म्हणजे दुरुस्तीच्या धंद्याचे पेन्शन. कापडचोपड, पुस्तके घरबसल्या मागविता येतात. तेल बदलावयास मोटार न्यावीच लागते. २०२० च्या साथीत बाकीची दुकाने बंद असताना मोटारदुरुस्ती आवश्यक सेवा म्हणून चालू होती. अशा एककुळी इमारती हजारोंनी बाळगणाऱ्या कंपन्या तेथे आहेत. १९६९ साली कॅलिफोर्नियात निघालेली रिअल्टी इन्कम ही त्यांपैकी एक. तिच्या मालकीच्या इमारती आज पंधरा हजारांहून अधिक आहेत.

परंतु हा शेवटचा आकडाच आम्हांस प्रथम खटकला. पंधरा हजारांतील एक कूळ उठून गेले तर त्या कंपनीस वार्ता लागते, वेदना होत नाही. आमच्या बहिणीचे कूळ एकच. ते गेले की दुसऱ्या महिन्यापासून घरपट्टी, विमा आणि कर्जाचे व्याज ही तिन्ही मालकाच्या अंगावर. आणि टेक्सासात प्रांताचा प्राप्तिकर नाही, त्याची भरपाई म्हणून की काय, घरपट्टी भारी आहे.

म्हणून आम्ही कागद वाचावयास बसलो. पाटीवरचे नाव देशभर गाजलेले. परंतु पट्ट्यावरची सही त्या नावाचा परवाना घेऊन अकरा दुकाने चालविणाऱ्या एका लहान कंपनीची. भाड्याची जामीनकीही तिचीच. मोठ्या नावाने आपली फक्त पाटी उसनी दिली होती, पत नव्हे. आणि पत मोठी असली तरी ती अमर नसते. सीअर्ससारखी शतकाहून जुनी पेढी २०१८ च्या ऑक्टोबरात दिवाळ्यात निघाली, तेव्हा तिच्या मोटारदुरुस्तीच्या शाखांनाही उतरती कळा लागली. दिवाळे निघालेल्या कुळास भाडेपट्टा झिडकारण्याची मुभा तेथील कायदा देतो. मग मालकाने उरलेल्या सर्व वर्षांचे भाडे मागावयाचे नाही. साधारण एक वर्षाचे भाडे, किंवा उरलेल्या मुदतीच्या शेकडा पंधरा, परंतु तीन वर्षांच्या भाड्याहून अधिक नाही, एवढ्याच मर्यादेत मागावयाचे. आणि तेही इतर धनकोंच्या रांगेत उभे राहून. पंधरा वर्षांचा पट्टा म्हणजे पंधरा वर्षांचे भाडे, ही आमची समजूत तेथेच गळाली.

कर्जाचा हिशेब तर शाळकरी मुलानेही केला असता. बँक शेकडा सात मागत होती आणि इमारत शेकडा सहा देत होती. दहा लक्षांवर सत्तर हजार व्याज दिल्यावर आपल्या दहा लक्षांसाठी पन्नास हजार उरतात, म्हणजे शेकडा पाच. त्याच उन्हाळ्यात अमेरिकन सरकारचे दहा वर्षांचे रोखे शेकडा चाराहून अधिक देत होते. वरच्या जेमतेम पाऊण टक्क्यासाठी बहिणीने आपली झोप गहाण ठेवावयाची होती.

भाच्याने हे ऐकून घेतले. त्याला ते आवडले नाही. ‘‘मामा, कागद सोडा, जागा तर बघा,’’ तो म्हणाला. त्याचे म्हणणे रास्त होते. आम्ही जागा पाहिली. नुसती पाहिली नाही, तर समोरच्या कॉफीच्या दुकानात खिडकीशी बसून राहिलो. शनिवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अडतीस मोटारी आत गेल्या. मंगळवारी पुन्हा बसलो, एकोणीस. बिल साधारण नव्वद डॉलर, हे दुकानाच्या फलकावरूनच दिसत होते. आणि त्या खिडकीत, कॉफीचा तिसरा पेला हाती असता, पन्नास वर्षांपूर्वीचे मिस्त्री आमच्या समोर येऊन बसले.

महिन्याचे भाडे दहा हजार. घरपट्टी व विमा धरून कुळाचा खर्च साडेतेरा हजार. म्हणजे केवळ जागेपायी महिन्याला दीडशे मोटारी. दिवसास पंचवीस धरल्या तर सहा दिवस! तीन दिवसांच्या जागी सहा दिवस हे कूळ मालकासाठी राबत होते. आणि त्यानंतर तेल, कामगार, परवान्याचा हप्ता ही सर्व निराळी. जुन्या काळी तीन हजार मैलांवर तेल बदलीत. आजच्या कृत्रिम तेलावर मोटार साडेसात ते दहा हजार मैल धावते. विजेच्या मोटारीस तर हे तेल लागतच नाही. टेक्सासात खाजगी मोटारींची वार्षिक सुरक्षा-तपासणीही १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली. त्या निमित्ताने दुरुस्तीवाल्यांच्या दारी येणारे गिऱ्हाईक तेवढे कमी झाले. सहाचे सात दिवस व्हावयास फार काळ लागू नये.

मग कुळाने एवढे भाडे कबूल तरी का केले? या प्रश्नाचे उत्तर शेजारीच होते. पलीकडच्या कोपऱ्यावर टायरांचे एक रिकामे दुकान होते आणि भाडे विचारता वर्षाला चौरस फुटास बत्तीस डॉलर सांगण्यात आले. आमच्या इमारतीचे भाडे चौरस फुटास साठ! पुन्हा कागद उलगडले तेव्हा ध्यानात आले, की इमारत विकणारा आणि तीत कूळ म्हणून राहणारा एकच होता. त्या लहान कंपनीने आपलीच इमारत विकून ती भाड्याने परत घ्यावयाचे योजिले होते. हा व्यवहार तेथे सर्रास चालतो आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. धंदा वाढवावयास भांडवल मोकळे होते. परंतु शेकडा सहाच्या दराने वार्षिक भाडे एका डॉलरने चढविले की इमारतीची किंमत साडेसोळा डॉलरांहून अधिक चढते. भाडे ठरविणारा विकणाराच असेल तर तो ते कमी कशाला ठरवील? बत्तीसच्या भावाने त्या इमारतीचे भाडे चौसष्ट हजार, आणि किंमत साडेदहा-पावणेअकरा लक्ष. वीस लक्षांतील उरलेली रक्कम विटांची नव्हती. ती एका सहीची होती.

नाना पेठेतील आमचे भाडे कायद्याने खोटे केले होते, कारण ते जागेच्या मोलाहून फार कमी होते. टेक्सासातील हे भाडे कराराने खोटे केले होते, कारण ते जागेच्या मोलाहून फार अधिक होते. खरे भाडे कोणते? आजचे कूळ उठून गेल्यावर उद्याचे कूळ जे आनंदाने देईल, ते. पट्टा पंधरा वर्षांचा असो की पन्नास, भाडे शेवटी कुळाच्या गल्ल्यातूनच निघावयाचे. आणि ज्याला कुळाचा गल्ला ठाऊक नाही त्याने भाड्याची खात्री बाळगू नये. भाच्याने दलालाकडे दुकानाच्या विक्रीचे आकडे मागितले, तेव्हा ते देण्याची पद्धत नाही असे उत्तर आले.

अखेर भाच्याने तेरा लक्ष देऊ केले. दलालाने उत्तरही पाठविले नाही, आणि महिन्याच्या आत ती इमारत कोणा दुसऱ्यास मागितलेल्या किमतीला गेली. तेथील करकायद्यानुसार एक इमारत विकणाऱ्याने पंचेचाळीस दिवसांत दुसरी नेमून एकशे ऐंशी दिवसांत ती घेतली, तर नफ्यावरचा कर पुढे ढकलता येतो. त्या घाईतला कोणी गृहस्थ असावा. बहिणीने आपले पैसे सरकारी रोख्यांत ठेवले. भाचा काही दिवस आमच्याशी बेताचेच बोलत होता; परंतु आम्ही निघण्याच्या आदल्या दिवशी तो दुसऱ्या एका दुकानासमोर दोन तास मोटारी मोजून आला, यावरून त्याचा राग गेला असे आम्ही समजलो.

पुण्यास परतल्यावर आम्ही मुद्दाम मिस्त्रींच्या नातवाचा शोध घेतला. कोंढव्याच्या बाजूस एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर त्याचे गॅरेज आहे. नाना पेठेतून मिळालेला वाटा तिघा भावांत विभागून गेला होता. आम्ही त्याला त्याच्या आजोबांचा हिशेब अमेरिकेत किती कामी आला ते मोठ्या उत्साहाने सांगितले. तो हात पुसता पुसता ऐकत होता. शेवटी हसून म्हणाला, ‘‘काका, आजोबांचं भाडं तुमच्याकडे होतं म्हणून तीन दिवस. मला आता आठ लागतात.’’

त्यावर काय बोलावे हे आम्हांस सुचले नाही. त्याने चहा मागविला, आणि पैसे आम्हांस देऊ दिले नाहीत.