एक संग्रह, चार घरे

भालकीहून हैदराबादला जाताना पूर्वी आमच्या पिशवीत भाकरीच्या फडक्याशेजारी दोन पेनड्राइव्ह असत. एक देण्याचा, एक घेण्याचा. काचीगुड्याला राहणारे काका हे निवृत्त मराठी शिक्षक आणि वयाने आम्हा चौघांत वडील. ते पेनड्राइव्ह आपल्या संगणकाला जोडीत आणि मग तासभर एकच वाद चाले. 'अंतिम' या फाइलीपेक्षा 'अंतिम नवी' खरी, की 'अंतिम नवी देगलूर' ही तिच्याहूनही खरी?

या फाइलींत होता जुन्या हैदराबाद राज्यातील मराठीचा शब्दसंग्रह. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्याची वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा तिकडे गेले, तर भालकी आणि औराद म्हैसूर राज्याच्या वाट्याला आले. हैदराबाद शहर आंध्र प्रदेशाची राजधानी झाले. १९०७ पासूनची विवेकवर्धिनी, १९२० मध्ये निघालेले 'निजाम विजय', मराठी साहित्य परिषद असे ज्या शहरात मराठीचे संसार थाटले गेले, ते शहर आणि त्याच्या भोवतीचा मराठी मुलूख यांच्यामध्ये सरकारी सीमा उभ्या राहिल्या. नकाशा एका रात्रीत बदलता येतो, बोली तशी बदलत नाही. 'मुंतखब' हा शब्द नांदेडच्या शेतकऱ्यालाही कळतो आणि भालकीच्याही. पुण्याच्या वाचकाला मात्र तो समजावून सांगावा लागतो. असे शब्द आम्ही कागदाच्या चिठ्ठ्यांवर, पुढे फाइलींत, टिपत आलो. चौघांपैकी एक भालकीत, एक देगलूरला, एक नोकरीनिमित्त पुण्यात आणि काका हैदराबादेत.

ऑक्टोबर २०२० च्या पावसाने आमच्या पेनड्राइव्हच्या वाहतुकीचा निकाल लावला. त्या महिन्याच्या १३ तारखेच्या रात्री हैदराबादेत जे पाणी वाढले, ते काकांच्या तळमजल्यावरही शिरले. मुसीच्या १९०८ च्या महापुराच्या आठवणी त्यांनी आपल्या आजोबांकडून ऐकलेल्या; त्यामुळे त्यांनी आधी जुनी मासिके माळ्यावर चढवली आणि मग संगणकाकडे वळले. तोवर उशीर झाला होता. टाळेबंदीमुळे कित्येक महिने कोणी हैदराबादेस गेले नव्हते. त्या काळात काकांनी तपासलेल्या अडीचशेच्या वर नोंदी केवळ त्या एका यंत्रात होत्या. त्यांतल्या निम्म्या त्यांनी आठवून पुन्हा लिहिल्या. उरलेल्या गेल्या त्या गेल्याच.

यानंतर एका मोठ्या परदेशी कंपनीची फुकटची साठवण आम्ही वापरून पाहिली. जुन्या अंकांची छायाचित्रे भराभर चढवली आणि जागा संपली. पैसे भरा, नाहीतर नवे काही चढवता येणार नाही, असा निरोप आला. रक्कम फार नव्हती. पण आपल्या शब्दांचे घर दुसऱ्याच्या वाड्यात आणि किल्ली त्याच्या कमरेला, ही व्यवस्था सीमाभागातल्या माणसाला फारशी रुचत नाही.

पुण्याच्या मित्राने तेव्हा 'सिंकथिंग' सुचवले. याकोब बोर्ग या स्वीडिश प्रोग्रामरने २०१३ मध्ये सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर. त्याचा कोड कोणालाही वाचता येतो आणि बदलता येतो. फाइली एका संगणकातून थेट दुसऱ्या संगणकात जातात. मधे कोणाचे कोठार नाही. थेट वाट मिळाली नाही तर स्वयंसेवकांनी चालवलेल्या मध्यस्थ संगणकांतून त्या पुढे सरकतात, पण कुलूपबंद लिपीत, त्यामुळे मध्यस्थाला त्या वाचता येत नाहीत. प्रत्येक फाइलीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा जणू अंगठ्याचा ठसा काढला जातो. ठसा बदललेला तुकडाच तेवढा पाठवायचा. चाळीस पानांच्या यादीत एक ओळ सुधारली म्हणून सगळी यादी पुन्हा धाडावी लागत नाही. भालकीतल्या आमच्या इंटरनेटला हे फार मानवले.

जोडणीचा दिवस मात्र गमतीचा होता. प्रत्येक यंत्राला छप्पन्न अक्षरांची ओळख असते, सात-सात अक्षरांचे आठ गट. ती ओळख दोन्ही बाजूंनी स्वीकारल्याखेरीज देवाणघेवाण सुरू होत नाही. काकांचा संदेशांवर विश्वास नाही. त्यांनी ती छप्पन्न अक्षरे दूरध्वनीवरून, शाळेत शुद्धलेखन घालावे तशी, दोनदा वाचून दाखवली. आम्ही एक अक्षर चुकलो. यंत्राने ती ओळख तत्काळ नाकारली, कारण त्या अक्षरांतच पडताळणीची अक्षरे मिसळलेली असतात. 'विद्यार्थी बरा आहे,' असा शेरा काकांनी यंत्राला दिला, आम्हाला नाही.

एक चूक आमच्याकडून घडली, ती सांगितलीच पाहिजे. ताळमेळ राखणे म्हणजे राखीव प्रत ठेवणे, असे आम्ही समजून बसलो. देगलूरच्या ताईंनी एक फोल्डर नको म्हणून पुसला आणि थोड्याच वेळात तो चारही घरांतून पुसला गेला. यंत्राने सांगितले तेच केले होते. ताईंच्या संगणकाच्या कचरापेटीत तो सापडला म्हणून निभावले. त्यानंतर आम्ही जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय चालू केली आणि मूळ अंकांच्या छायाचित्रांचा फोल्डर काकांकडे 'केवळ पाठवणारा' व इतरांकडे 'केवळ घेणारा' असा नेमून टाकला. ताई सगळे काम मोबाइलवर करतात. डिसेंबर २०२४ मध्ये अँड्रॉइडवरच्या मूळ ॲपची देखभाल थांबली, तेव्हा त्या धास्तावल्या होत्या. पण कोड खुला असल्याने त्याची दुसरी शाखा इतरांनी आधीच चालवली होती. ताई तिच्यावर गेल्या.

आता भाषेच्या वाचकांना विशेष रस वाटेल अशी गोष्ट. आमच्या फोल्डरात 'दुसऱ्या हप्त्याच्या नोंदी' या नावाच्या दोन फाइली दिसू लागल्या. नाव तेच, काना-मात्रा तीच, तरी फाइली दोन. मराठीतला हा 'ऱ्या' युनिकोडमध्ये तीन रीतींनी लिहिता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त व 'य' जोडतात. दुसऱ्यात साधा 'र', त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तिसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. पहिल्या दोन रूपांना युनिकोड एकच मानते आणि जुन्या मॅकने नाव दुसऱ्या रूपात मोडून ठेवले तरी सिंकथिंग ते जुळवून घेते. तिसरे रूप मात्र युनिकोडच्या लेखी निराळे आहे. काकांच्या जुन्या टंकपद्धतीतून नेमके तेच उमटत होते. 'ॲ'ची कथा तशीच. ते अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधीच्या आमच्या फाइलींत 'अ'वर चंद्र देऊन काम भागवलेले आहे, आणि ही दोन रूपे यंत्राला एक वाटत नाहीत. म्हणजे 'सुधाऱ्या' शोधावा आणि संग्रहात असूनही तो मिळू नये, असे आमच्याच यादीत होत होते. ज्या अक्षरावर मराठी माणसाने हिंदीपेक्षा आपले वेगळेपण सांगावे, त्याच अक्षराची आपण तीन टंकने सहज चालू देतो, याचा आम्हाला राग आला. मग महिनाभर बसून सगळी नावे आणि सगळ्या नोंदी पहिल्या रूपात आणल्या. ज्या वाचकांकडे असे संग्रह आहेत, त्यांनी आपला 'ऱ' एकदा तपासावा.

राहिला एक तंटा. हैदराबाद राज्यातल्या जमीनमोजणीच्या एका नोंदवहीला तेलंगणात आजही 'सेतवार' म्हणतात. मराठी कागदांत 'शेतवार पत्रक' असते. काकांनी एके संध्याकाळी मुख्य नोंद 'सेतवार' अशी केली. त्यांना उर्दू दप्तराचा उच्चार प्रमाण वाटतो. त्याच संध्याकाळी आमच्याकडे वीज असली तरी इंटरनेट नव्हते, आणि आम्ही तीच नोंद 'शेतवार' अशी बदलली. आमच्या मते शेताचा 'शे' सोडण्याचे कारण नाही. रात्री जोडणी आली. अशा वेळी सिंकथिंग कोणाचेही लेखन फेकून देत नाही. ज्या फाइलीतला बदल जुना, तिच्या नावात संघर्षाची खूण, तारीख आणि वेळ घालून ती नव्या फाइलीच्या बाजूला ठेवते. काकांचा बदल अकरा मिनिटांनी जुना निघाला.

सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. संघर्षाची फाइल पुसून टाकू का, असे आम्हीच विचारले. ते म्हणाले, 'पुसू नका हो. आत्ता दोन्ही राहू द्या. प्रस्तावना लिहायला बसू तेव्हा पाहू, आणि त्यासाठी तुम्ही इकडे या. पेनड्राइव्ह नको, भाकरी तेवढी आणा.'