कीर्तनाच्या निमित्ताने

यंदाच्या गणेशोत्सवात शाळेच्या सभागृहात दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कीर्तन झाले. हा खंड का पडला, ते आधी सांगून टाकणे बरे. तो आमच्यामुळे पडला. आपल्या शाळेतील बरीच मुले आता हिंदीभाषक घरांतून येतात, आणि मराठी घरांतील मुलेही आपसांत हिंदीच बोलतात. कीर्तन सुरू झाले की मागच्या रांगांत चुळबुळ, एकमेकांच्या पाठीत कोपर मारणे, पाणी पिण्याच्या निमित्ताने उठणे, हे सगळे आम्ही पाहत होतो. म्हणून दोन वर्षे कीर्तनाच्या जागी समूहनृत्ये आणि प्रश्नमंजूषा ठेवली. टाळ्या भरपूर पडल्या. पण ती चित्रपटगीते मुलांच्या तोंडी आधीपासूनच होती. शाळेने त्यांत काय भर घातली, असे कोणी विचारले असते तर आम्हाला उत्तर देता आले नसते.

कोणी तसे विचारले नाही. फक्त नातवाला घ्यायला आलेल्या एक आजी फाटकापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "का हो, आपले बुवा आजारी आहेत का?" आम्ही वेळेच्या अडचणीचे काहीतरी सांगितले. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटले नव्हते.

या वर्षी बुवांना पुन्हा बोलावले. ते लष्करातच राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आहेत, आणि कीर्तन त्यांच्या घरात वडिलांपासून आहे. (त्यांचे नाव येथे देत नाही. तसे त्यांनीच सांगितले. "नाव गणपतीचे छापा," म्हणाले.) कार्यालयात बिनसाखरेचा चहा घेता घेता आम्ही विषय काढला. "बुवा, एक विनंती आहे. या वेळी आपण हिंदीत केले तर? मुलांना समजेल."

बुवांना राग आला नाही. त्यांनी बशी खाली ठेवली. "करीन की. हिंदी मला येते, पस्तीस वर्षे फायली हिंदीतच लिहिल्या. पण सर, मग या मुलांच्या कानावर मराठी कधी पडणार? वर्गात शुद्धलेखनाची लाल शाई तेवढी दिसते त्यांना. एखादी भाषा फक्त चुका दाखवायलाच येत असेल तर तिच्यावर कोण प्रेम करील?"

आम्ही गप्प बसलो. आमचे स्वतःचे सारे शिक्षण, पदवीपर्यंत, हिंदी माध्यमात झाले. मराठीचा एकही पेपर आम्ही आयुष्यात लिहिलेला नाही. हा लेखसुद्धा मराठीच्या मॅडमनी तपासून दिला आहे आणि त्यांनी केलेल्या खुणा मोजण्याचे धाडस आम्ही केलेले नाही. तरी आम्हाला मराठी येते. ती कुठून आली? विचार करता लक्षात आले की आजीच्या मांडीवरून आली. चातुर्मासात ती आम्हाला देवळात कीर्तनाला नेत असे. आम्ही अर्ध्यात झोपत असू. मध्यंतरी बुवांना हार घालून सर्वांना बुक्का लावायला सुरुवात झाली की ती आम्हाला हलवून जागे करी, कारण गोष्ट त्यानंतर असे. कीर्तनात पूर्वरंग म्हणजे विषयाचे निरूपण आणि उत्तररंग म्हणजे त्यावरचे आख्यान, ही नावे आम्हाला फार पुढे कळली. तेव्हा आमच्या लेखी एक झोपेचा भाग होता आणि दुसरा जागेपणीचा. पण झोपेच्या भागातलेही बरेच शब्द कानात राहिले असावेत.

बुवांना हे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "लहान मूल पूर्वरंगात झोपले तर मला वाईट वाटत नाही. सूर झोपेतही ऐकू येतो."

त्या दिवशी बुवा तासभर बसले. त्यांचे बोलणे म्हणजे व्याख्यान नव्हे, घरगुती गप्पाच. रियाजाबद्दल आम्ही विचारले तर म्हणाले, "नळ आला की आपण आधी पिण्याचे पाणी भरतो ना, मग बाकीचे? तसे सकाळी आधी सा भरून घ्यायचा. नंतर दिवस कसाही जाईना. भाजी आणा, वीजबिल भरा, पण तो सा भरलेला असला की संध्याकाळी उभे राहता येते." कीर्तनकाराला गाता यावे, पण फार गाऊ नये, असेही ते म्हणाले. तान चांगली जमली की पुन्हा घ्यावीशी वाटते, आणि तेवढ्यात गोष्टीतला माणूस वाट पाहत उभा राहतो. "मी घरी परत येताना एवढेच आठवून पाहतो, की आज मी कोणाला ताटकळत ठेवले." आणि समोर बसलेल्यांबद्दल: "चाळीस माणसे आली तरी मी एकाच माणसाला गोष्ट सांगतो. जो सगळ्यांत लांब बसला आहे त्याला. त्याच्यापर्यंत पोहोचली की मधल्या सगळ्यांना मिळालेली असते."

आपण ग्वाल्हेरची मंडळी संगीताचा अभिमान सहज बाळगतो. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला, डिसेंबर 2024 मध्ये तानसेन समारोहाचे शंभरावे वर्ष झाले, आणि प्रार्थनेच्या वेळी या दोन्ही गोष्टी आम्ही मुलांना सांगितल्या. पण बुवांनी एक निराळीच गोष्ट दाखवली. हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीपाशी समारोहाचा आरंभ होतो तो शहनाई, हरिकथा आणि मीलाद यांनी. हरिकथा आपल्या ढोलीबुवांच्या परंपरेतली. मोठमोठे गायक येतात ते त्यानंतर. "म्हणजे बघा," बुवा म्हणाले, "तिथेसुद्धा आधी गोष्ट आणि मग गाणे." शेजारी मुहम्मद गौस यांचा मकबरा, समोर बसलेले सर्व धर्मांचे लोक. कोणाला काय समजते याची परीक्षा तिथे कोणी घेत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जे तबला-पेटी शिकतात त्यांच्यासाठी आणखी थोडे. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. ते येथे वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले. त्यांचे शिष्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, ज्यांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु दिगंबरांचे वडील कुरुंदवाडचे कीर्तनकार होते. लहानपणी फटाक्याच्या स्फोटाने दृष्टीला इजा झाली, शाळा सुटली आणि मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकायला गेला. म्हणजे ज्या घरातून हा थोर गायक निघाला त्या घरात आधी कथा होती. आणि इकडे लष्करात शंकरराव पंडितांच्या घरी उस्ताद निसार हुसेन खाँ राहिले. तेथेच शंकररावांना तालीम मिळाली, पुढे ती त्यांचे पुत्र कृष्णराव पंडितांना मिळाली, आणि कृष्णरावांनी 1914 मध्ये येथे संगीताची शाळा काढली. गुरूला घरात ठेवून घेणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. बुवांचे म्हणणे असे की ग्वाल्हेरचे घराणे म्हणतात त्यातले 'घर' हे खरेखुरे घर होते, चूल पेटणारे.

शेवटी असे ठरले की कीर्तन मराठीतच होईल. आम्ही मनातून साशंकच होतो, हे कबूल करतो. पहिल्या दोन रांगांत मुद्दाम शिक्षक बसवले. खुर्च्या काढून सतरंज्या घातल्या, ही मात्र बुवांची अट होती. खुर्चीवरचा माणूस घड्याळ बघतो म्हणे.

आख्यान एकनाथांचे होते. काशीहून गंगेची कावड घेऊन नाथ रामेश्वराला निघाले आहेत, आणि वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडते आहे. कावड हा शब्द समजावून सांगावाच लागला नाही. श्रावणात आपल्या रस्त्यांवरून जाणारे कांवडिये प्रत्येक मुलाने पाहिलेले असतात. बुवांनी फक्त खांद्यावरचे उपरणे आडवे धरले आणि चालू लागले. पुढे त्यांनी गाढवाची तहान सांगितली. 'तहान' या शब्दाचा त्यांनी अर्थ सांगितला नाही. तबला थांबवला, पेटी थांबवली, आणि तो एकच शब्द तीनदा उच्चारला. पहिल्यांदा गळ्यातून, दुसऱ्यांदा ओठांतून, तिसऱ्यांदा जवळजवळ आवाजच नव्हता. सभागृहात पंख्यांची घरघर ऐकू येत होती. मागच्या रांगेतला एक मुलगा उठून पाणी प्यायला निघाला होता, तो दारातच उभा राहिला.

नाथांनी कावडीतले पाणी गाढवाला पाजले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. कीर्तनात मध्येच अशा टाळ्या वाजवत नाहीत. आम्ही हात वर करून थांबवणार होतो, पण बुवांनीच झांज वाजवून त्या टाळ्यांना ठेका दिला आणि त्यातूनच गजर सुरू केला. पाचवीपासून आठवीपर्यंतची मुले विठ्ठलाच्या नावाचा गजर करत होती. उच्चार सगळे हिंदी वळणाचे. कोणाचे काय बिघडले?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सहावीतली एक मुलगी कार्यालयाच्या दाराशी आली. तिच्या घरी कोणीही मराठी बोलत नाही. "सर, नल में पानी नहीं आ रहा, और मुझे बहुत तहान आ रही है." आम्हाला हसू आले आणि तिला ते दिसले. ती लाजली, जायला निघाली. मराठीच्या मॅडम तेथेच होत्या. त्यांनी आपली बाटली तिच्यापुढे केली आणि 'तहान येत नाही, लागते' हे नंतर केव्हातरी सांगू म्हणाल्या.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण आहे. सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात मराठीच्या आठवड्याच्या दोन तासिका आहेत. त्यातली एक कमी करून संगणकाला द्यावी असा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत आहे. तो प्रस्ताव आमच्याच सहीने गेलेला आहे. संगणकाची गरज आम्ही नाकारत नाही आणि पालकांची मागणीही खोटी नाही. तथापि बैठकीत आम्ही तो मागे घेण्याची परवानगी मागणार आहोत, आणि संगणकासाठी शनिवारचा वेळ सुचवणार आहोत. शनिवार लांबेल, काही पालक नाराज होतील. त्यांनी येऊन आमच्याशी अवश्य बोलावे.

मराठीच्या दोन तासिकांपैकी एकीत पुस्तक उघडायचे नाही, फक्त गोष्ट ऐकायची आणि सांगायची, असे मॅडमच्या मनात आहे. महिन्यातून एकदा बुवा येतील. मानधनाचे विचारले तर त्यांनी चहाचाच उल्लेख केला. पण ते आम्हाला बरे वाटत नाही, तेव्हा त्याची तरतूदही बैठकीत मांडू. साथीला आठवीतला तबला शिकणारा विद्यार्थी बसेल. त्याचा हात अजून कच्चा आहे आणि लय पुढे पळते. बुवा म्हणतात, पळू दे, मी मागून येतो.

शाळेची पेटी दुरुस्तीला दिली आहे. झांजांची एक जोडी कमी पडते आहे. कोणाच्या देवघरात वापरात नसलेली असेल तर कृपया कार्यालयात आणून द्यावी.