मिठबावचा साकव

२०२५ च्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब मिठबावला जाऊन आलो. आमच्या सौभाग्यवतींचे मामा त्या बाजूला राहतात. मिठबावच्या तिठ्यावर उतरून अर्धा तास चालले की त्यांची वाडी येते. बरीच वर्षे मामा बोलावीत होते, पण ऑफिसची रजा, मुलांच्या परीक्षा, संस्थेची कामे यांतून निघणे होत नव्हते. यंदा ठरवलेच.

दादरहून रात्री तुतारी एक्सप्रेस धरली. आरक्षण अर्थातच एकच पक्के झाले होते आणि बाकीची तिकिटे प्रतीक्षा यादीत. त्या एका बाकावर मुलांना आडवे करून आम्ही दोघे बॅगांवर बसलो. बाकावरच्या गादीला हात लागला आणि प्रा. मधू दंडवते यांची आठवण झाली. १९७७ ते ७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला नुसत्या लाकडी फळीवर निजावे लागू नये म्हणून त्यांनी शयनयानात गादीचे बाक आणवले. आज कुणाला ते आठवतही नसेल. कोकण रेल्वेसाठीही ते आयुष्यभर झटले, आणि १९९८ च्या जानेवारीत ती मुंबईकडून गोव्याकडे पूर्ण धावू लागली. आपण ज्या मुलखात चाललो आहोत तो याच माणसाचा मतदारसंघ, हे मुलांना सांगितले. धाकट्याने विचारले, "मग आता कोणाचा?" उत्तर लांबलचक होते. तो ऐकता ऐकता झोपी गेला.

सकाळी कणकवलीला उतरलो. तेथून एस.टी.ने नांदगाव, शिरगाव, तळेबाजार, जामसंडे करीत देवगड. देवगडहून दुसरी गाडी, ती कुणकेश्वरवरून मिठबावला जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभ्या दगडाचे गडगे आणि त्यामागे हापूसच्या बागा. मे महिना म्हणजे बागेत माणसांची, पेट्यांची, टेम्पोची नुसती धांदल. मधूनच वळणावर समुद्र दिसतो आणि मुले खिडकीकडे धावतात. मिठबावची खाडी, पलीकडची तांबळडेगची वाळू, सुरूची झाडे, टेकडीवर गजबादेवीचे देऊळ, खाली सुकत घातलेली जाळी. गाव डोळ्यांना फार सुखावणारे. पर्यटक हे पाहून परत जातात. आम्हाला जायचे होते ते व्हाळापलीकडे. बौद्धवाडी नेहमी व्हाळापलीकडेच का असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

व्हाळावर साकव आहे. पोफळीचे चार ओंडके आडवे टाकून त्यांवर फळ्या ठोकलेल्या, एका बाजूला धरायला बांबू. मे महिन्यात व्हाळ कोरडा असतो, त्यामुळे आम्ही सरळ खालूनच गेलो. पण जून उजाडला की हेच पाणी छातीपर्यंत चढते, आणि वाडीतली मुले या ओंडक्यांवरून शाळेला जातात.

मामींनी पाणी आणून दिले, मग कोकमाचे सरबत. जेवणे झाल्यावर पडवीत बसलो आणि विषय साकवाकडे वळला. मामी एकेकाळी राखीव जागेवरून ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. त्यांना कामाची पद्धत ठाऊक आहे. त्यांचे म्हणणे असे, की ग्रामपंचायतीकडे एवढा पैसा नसतो, साकवासारखे काम वरूनच यावे लागते. पूर्वी जिल्हा परिषदेच्या गटाचा निवडून आलेला मेंबर असे. "मेंबरीण माजी वळखीची. तिच्या दारात जावन बसायचंय. मेलां काम होयपर्यंत उठूक नाय. आता कोणाच्या दारात बसू?"

सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची निवडणूक झाली २०१७ मध्ये. पाच वर्षांची मुदत संपली ती मार्च २०२२ मध्ये. त्या वेळी इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांचा प्रश्न न्यायालयात होता, प्रभागांच्या रचनेचाही वाद होता, आणि राज्यातल्या पंचवीस जिल्हा परिषदांवर एकदमच प्रशासक बसले. जिल्ह्याला मुख्य कार्यकारी अधिकारी, तालुक्याला गटविकास अधिकारी. काही महिन्यांची सोय म्हणून जे सुरू झाले त्याला आम्ही मिठबावला गेलो तेव्हा तीन वर्षे उलटून गेली होती. आम्ही निघण्याच्या थोडेच आधी, ६ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असा आदेश दिला होता. पुढे सप्टेंबरात ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून मिळाली. संविधानाच्या ७३ व्या दुरुस्तीने, जी १९९३ च्या एप्रिलपासून लागू आहे, पंचायतींची मुदत पाच वर्षे ठरवली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे स्पष्ट लिहिले. लिहिलेले तसेच राहिले आणि वर्षे निघून गेली.

कोणी म्हणेल, अधिकारी काम करीत नाहीत काय? करतात. मामा एका कचेरीत गेले होते, साहेब सभ्यपणे बोलले, अर्ज ठेवून घेतला. पुढच्या खेपेला गेले तर साहेब बदलले होते. यात त्या साहेबांचा दोष आम्ही मानीत नाही. पण त्यांना मामांच्या मताची गरज नव्हती, आणि पाच वर्षांनी व्हाळ ओलांडून मामांच्या पडवीत येऊन बसण्याचीही गरज नव्हती. गरज लागते म्हणूनच मेंबर दारात येतो.

आणि आपल्या वस्त्यांना याची झळ दुप्पट बसते. कायद्याप्रमाणे जिल्हा परिषदेत समाजकल्याण समिती असते. परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातला वीस टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्चायचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाची योजनाही जिल्हा परिषदेमार्फतच राबते. या पैशाचा हिशेब सभेत उभे राहून विचारणारी माणसे, त्यांत आपल्या राखीव जागांवरच्या बाया आणि पुरुष, ही सर्व एका दिवसात माजी झाली. सभागृहाचे, स्थायी समितीचे, समाजकल्याण समितीचे, सगळे अधिकार एकाच खुर्चीत गेले. त्या खुर्चीनेच ठराव मांडायचा, तिनेच मंजूर करायचा. मोठ्या वर्तमानपत्रांत दिल्ली-मुंबईच्या सत्तांतरांचे रकाने भरतात. या कोपऱ्यातल्या दिव्याबद्दल फारसे कोणी लिहिले नाही.

संध्याकाळी मामा आम्हाला खाडीवर घेऊन गेले. मामांनी १९६७ पासूनच्या निवडणुका पाहिलेल्या. लहानपणी ते बॅ. नाथ पै यांच्या सभेला वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते. हा भाग जुन्या राजापूर मतदारसंघात होता. नाथ पै १९५७, ६२ आणि ६७ असे तीनदा निवडून आले. १९७१ च्या जानेवारीत ते गेले, आणि पुढे दंडवते १९७१ पासून सलग पाच वेळा. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात होते, तरी १९७७ ला लोकांनी त्यांना निवडले. त्याच लोकांनी १९९१ ला पाडले. मामा म्हणाले, त्या पराभवाचे आमच्याकडे कित्येकांना वाईट वाटले, पण फसवल्यासारखे वाटले नाही. लोकांनी पाडले, लोकांचा तो हक्क होता.

त्यानंतरचा हिशेब मामा बोटांवर करू लागले आणि बोटे पुरेनात. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू. २००९ ला मतदारसंघाची फेररचना होऊन तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग झाला आणि काँग्रेसचे नीलेश राणे आले. २०१४ व १९ ला शिवसेनेचे विनायक राऊत, २०२४ ला भाजपचे नारायण राणे. पक्ष बदलणे हा मतदाराचा अधिकार आहे, त्यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. प्रश्न निराळा आहे. नारायण राणे यांनी २००५ मध्ये शिवसेना सोडली तेव्हा आमदारकीचा राजीनामा दिला, काँग्रेसच्या चिन्हावर मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. कोणाला ते पटले, कोणाला नाही, पण मतदाराला विचारले गेले. पुढे ते काँग्रेस सोडून स्वतःच्या पक्षात आणि मग भाजपमध्ये गेले. २०१७ ला जी जिल्हा परिषद काँग्रेसच्या हाती आली होती, ती मुदत संपताना भाजपची म्हणून ओळखली जात होती. मधल्या काळात जिल्ह्यात त्यासाठी मतदान झाले नव्हते. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली तेव्हा तर राज्यातले चाळीसच्या आसपास आमदार गेले, पण राजीनामा देऊन पुन्हा मते मागायला कोणी आले नाही. सावंतवाडीचे दीपक केसरकर त्यांत होते.

खाली गोव्यात वेगळे नाही. २०२२ च्या निवडणुकीपूर्वी काँग्रेसच्या उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा दिल्या होत्या. निवडून आले अकरा. त्याच सप्टेंबरात त्यांतले आठ भाजपमध्ये गेले.

मामांचे शब्द आम्ही जसेच्या तसे लिहून घेतले: "जावयबापू, आमी मत दितो एकाक, आणि तो जाता दुसऱ्याच्या घराक. मग आमचा मत खय ऱ्हवला?"

एका मताची किंमत या भागाला शिकवावी लागत नाही. २००९ ला कणकवली विधानसभेची जागा, जिच्यात देवगड तालुका येतो, भाजपचे प्रमोद जठार यांनी अवघ्या ३४ मतांनी जिंकली होती. मामांच्या वाडीत तेवढी मते सहज निघतील.

दुसऱ्याचे दोष मोजताना आपले लपवू नयेत. १९९८ च्या लोकसभा निवडणुकीत रिपब्लिकन नेते एकत्र आले तेव्हा चार खासदार निवडून आले, प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे, तेही सर्व खुल्या मतदारसंघांतून. ती एकजूट पुढच्या निवडणुकीपर्यंतही टिकली नाही. नेत्यांनी वाटा बदलल्या तेव्हा वस्तीतल्या माणसाला कोणी विचारले? आमच्या विभागात दोन शाखांचे दोन फलक आजही समोरासमोर आहेत, आणि दोन्हींकडचे कार्यकर्ते आमच्याकडेच चहाला येतात.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. हे भाषण आपण दर सव्वीस नोव्हेंबरला वाचतो. कोकणच्या माणसाला बाबासाहेबांनी याच्याही आधी एक धडा दिला होता. १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद झाली तेव्हा अध्यक्षस्थानी ते होते. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार म्हणून त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांना मोर्चाने विधानसभेवर नेले. त्यात महार होते तसे कुणबीही होते. त्या काळी मताचा अधिकार थोड्यांनाच होता, म्हणून पायी जावे लागले. मामांच्या आजोबांच्या पिढीने खोताच्या दारात वाकून उभे राहण्याचे दिवस पाहिले. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. मामी म्हणतात ते "दारात जावन बसणे" या सगळ्यानंतर मिळालेले आहे.

परतायच्या आदल्या रात्री अर्ज लिहायला बसलो. आम्ही कारकून, एवढे तरी येते. वाडीतली घरे, शाळेत जाणारी मुले, व्हाळाची रुंदी, सर्व नीट मांडले. वर कोणाचे नाव घालायचे याची थोडी चर्चा झाली. शेवटी "मा. प्रशासक" असे लिहिले, आणि एक प्रत ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी मामींना दिली. त्यावर वाडीतल्या अठरा जणांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. मामींनी सही करताना नावाखाली "माजी सदस्य" असेही लिहिले.

सकाळच्या गाडीला निघालो. पिशवीत आमसुले, कुळथाचे पीठ आणि गवतात गुंडाळलेले दोन डझन आंबे. मुंबईला पोचल्यावर आठवड्याने मामांचा फोन आला. अर्जाची पोच मिळाली आहे. त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला, तेव्हा वाडीतल्या मंडळींनी थांबायचे नाही असे ठरवून साकवावर पोफळीचे दोन नवे ओंडके घातले.