गोडीला दर

द्राक्षनिर्यातीच्या कामात असल्यामुळे बागायतदार मला एकच प्रश्न विचारतात : परदेशात भाव टिकवायचा कसा? अशा वेळी मी न्यूझीलंडच्या किवीविषयी बोलू लागतो. जेमतेम पन्नास लाख वस्तीचा देश. घरात खपणार किती? मजुरी महाग, युरोपची बाजारपेठ बोटीने कित्येक आठवडे दूर. स्वस्ताईच्या शर्यतीत तो पहिल्याच फेरीत बाद व्हायचा.

आणि तसं होऊ घातलंही होतं. ‘हेवर्ड’ ही हिरवी किवी त्यांच्याच मातीत निवडली गेली, पण तिच्या रोपांवर कोणाचा हक्क नव्हता. इटलीने लावली, चिलीने लावली, आणि बाजारात माल मावेना. त्यात न्यूझीलंडचेच निर्यातदार एकमेकांचे भाव पाडत होते. अखेर १९८० च्या दशकाच्या शेवटी सगळी निर्यात एका मंडळाकडे गेली. त्यातूनच पुढे ‘झेस्प्री’ ही कंपनी उभी राहिली. मालकी बागायतदारांची आणि, ऑस्ट्रेलिया वगळता, निर्यातीचा दरवाजा एकच.

पण माझ्या मते खरी करामत पैसे वाटण्याच्या पद्धतीत आहे. किवी कडक असतानाच तोडतात; तिच्यातल्या पिष्टाची साखर नंतर होते. मग गोडी आधी ओळखायची कशी? बागेतून नमुन्याची फळं आणतात, प्रत्येकाची मधोमध पातळ चकती कापतात, वजन करतात, गरम हवेत पूर्ण वाळवतात आणि पुन्हा वजन करतात. पाणी उडून जो शुष्क भाग उरतो, त्याचं प्रमाण जितकं जास्त, तितकं फळ पिकल्यावर गोड. हा आकडा चांगला आला की बागायतदाराला जादा पैसे मिळतात. त्यामुळे वेलीवर फळं किती ठेवायची, पानोळ्यात ऊन किती शिरू द्यायचं, गर्डलिंग, म्हणजे खोडाच्या सालीची कडी काढणं, कधी करायचं, हे सगळं तो चवीच्या हिशेबाने ठरवतो.

२०१० मध्ये या व्यवस्थेवर संकट आलं : न्यूझीलंडच्या ‘ते पुके’ भागात ‘पीएसए’ हा जिवाणू शिरला आणि पिवळ्या गराच्या सोनेरी किवीच्या बागा पाहता पाहता वाळल्या. संशोधकांकडे ‘गोल्ड ३’ हे नवं वाण तयार होतं, म्हणून जुन्या खुंटांवर त्याची कलमं बांधता आली. या वाणाचा परवाना बागायतदार मोठी रक्कम मोजून घेतात.

आपल्याकडे त्याच २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षं अडकली. त्यानंतर आपण उर्वरित अंशांची तपासणी कडक केली, ते योग्यच झालं. पण दर अजून मण्याच्या आकारावरच ठरतो. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, ठरावीक मर्यादेपुढे गेला की बस, त्यापुढच्या गोडीला मोल नाही. मग बागायतदार मणी फुगवण्यामागे लागला, तर त्याला दोष का द्यायचा? फळांसाठीच्या गोडी छाटणीचे दिवस आहेत. यंदाचे सौदे करताना निर्यातदारांनी मिलिमीटरच्या शेजारी ब्रिक्सचाही चढता दर लिहावा, अशी माझी मागणी आहे.