साडेचार मिनिटांचं अंडं

ऑनसाइट बर्लिनला गेलात आणि एखादा रविवार मोकळा मिळाला की जो तो सांगतो, भिंत बघ. मी मात्र यू-५ मेट्रो पकडली आणि माग्डालेनेनश्ट्रासेला उतरलो. समोर राखाडी, एखाद्या सरकारी कचेरीसारख्या इमारती. त्यातली एक म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, श्टासीचं मुख्यालय. आता तिथे म्युझियम आहे.

एरिश मिल्के १९५७ ते १९८९ श्टासीचा मंत्री होता. त्याची केबिन जशीच्या तशी ठेवलीय. म्हटलं, काहीतरी भयानक दिसेल. निघालं काय, तर लाकडी भिंती, फोन, आणि सेक्रेटरीनं काढलेलं एक चित्र: साहेबांच्या नाश्त्यात काय कुठे मांडायचं. अंडी दोन, साडेचार मिनिटं उकडलेली. खुदकन हसूच आलं हो!

पण खालचे आकडे वाचले नि हसू विरलं. १९८९ मध्ये ९१ हजार पगारी माणसं, वर सुमारे १ लाख ८० हजार खबरे. शेजारी, ऑफिसातले मित्र, कधी चक्क नवरा. उरलेल्या फायली १११ किलोमीटर. म्हणजे जवळपास पुणे ते सातारा!

आणि शेवट? भिंत पडून चार दिवस झाले होते. १३ नोव्हेंबर १९८९ला हा बाबा संसदेत म्हणाला, माझं तर सगळ्या माणसांवर प्रेम आहे. ज्याला सगळे टरकायचे, त्याला सभागृह खो खो हसलं. १५ जानेवारी १९९० ला लोक याच आवारात घुसले. पुढे शिक्षा झाली ती मात्र १९३१ साली केलेल्या दोन पोलिसांच्या खुनांसाठी. १९९३ मध्ये सहा वर्षं. १९९५ ला सुटला, २००० साली वारला.

मला मिल्केपेक्षा ते खबरेच जास्त छळत राहिले. कारण सांगतो. निघण्याच्या दोन महिने आधी मॅनेजर कॉफी पिता पिता म्हणाला होता, "टीममधलं कोण बाहेर इंटरव्ह्यू देतंय, कानावर आलं तर सांग रे." मी एक नाव सांगितलं. सहज. बर्लिनला खरं तर तोच येणार होता.

बाहेर कॉफी घेऊन बसलो तर त्याचाच मेसेज. "काय रे, भिंत बघितलीस का?"

"अजून नाही," एवढंच टाइप केलं. मग तेही खोडलं.