आधीच्या दोघांचे काय? : एका रहस्यकादंबरीच्या श्रोत्यांची मते

रहस्यकादंबरीविषयी मी अध्यापनाच्या काळात दोनतीनदा लिहिले. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक पुस्तकांपासून गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांच्यापर्यंतचा प्रवाह माझ्या डोळ्यांसमोर होता. 'या वाङ्मयाचा वाचक केवळ उत्कंठेचा भुकेला असतो', असे एक विधान मी त्या लेखनात मोठ्या निःशंकपणे केले होते. ते करण्यापूर्वी एकाही वाचकाला मी काही विचारले नव्हते. विचारण्याचा प्रसंग निवृत्तीनंतर आला, आणि तोही ठरवून आलेला नव्हता. त्या प्रसंगाची ही हकीकत आहे.

मी सरावलीत राहतो. बोईसरला लागून असलेले हे गाव आता गाव म्हणून वेगळे ओळखू येत नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेल्या माणसांच्या चाळी, मूळच्या रहिवाशांची घरे, नव्या इमारती आणि त्यांच्या तळमजल्यावरची दुकाने हे सगळे एकमेकांत मिसळून गेले आहे. येथे कोकणातला माणूस आहे, खानदेशातला आहे, मराठवाड्यातला आहे. पाळी संपवून आलेल्या माणसाच्या अंगाला कारखान्याचा वास असतो, आणि पावसाळी हवेत तो वास घराघरांत शिरतो. आमच्या चाळीच्या मागे एक पत्र्याची शेड आहे. गेल्या पावसाळ्यात तेथे सुटीच्या दिवशी संध्याकाळी दहाबाराजण जमत. 'सर, काहीतरी वाचून दाखवा' असा आग्रह झाला, तेव्हा मी प्रथम दोन नामवंत कथा वाचल्या. ऐकणाऱ्यांनी त्या सभ्यपणे ऐकल्या. मग रात्रपाळी करणारा एक ऑपरेटर म्हणाला, "सर, खुनाचं काही नाही का? एकामागून एक खून होतात, तसलं."

माझ्याजवळ अगाथा ख्रिस्ती यांची १९३६ साली प्रसिद्ध झालेली 'द ए. बी. सी. मर्डर्स' ही कादंबरी होती. 'सीरियल किलर' हा शब्द रूढ होण्याच्या बऱ्याच आधीची ही कादंबरी त्या प्रकारातील पुढच्या अनेक पुस्तकांची पूर्वज ठरावी अशी आहे. मी ती इंग्रजीतून वाचून घेई आणि दर आठवड्याला दोनतीन प्रकरणे मराठीतून सांगे. बारा बैठकी झाल्या.

कथानक थोडक्यात असे. हेर्क्यूल पॉयरोला 'ए. बी. सी.' अशी सही असलेली पत्रे येतात. अमुक तारखेला अमुक गावी काय घडते ते पाहा, असे आव्हान त्यांत असते. ॲण्डोव्हर येथे ॲशर नावाची, तंबाखू व वर्तमानपत्रांचे छोटे दुकान चालवणारी वृद्धा मारली जाते. बेक्सहिल येथे बार्नार्ड नावाची, उपाहारगृहात काम करणारी तरुणी समुद्रकिनारी गळा आवळून मारली जाते. चर्स्टन येथे क्लार्क नावाचे धनाढ्य गृहस्थ मारले जातात. प्रत्येक प्रेताजवळ रेल्वेचे एक वेळापत्रक सापडते. त्यात स्थानके वर्णानुक्रमाने दिलेली असतात आणि त्याचेही नाव 'ए. बी. सी.' असेच असते.

तिसऱ्या बैठकीतच अडचण आली. पॉलिटेक्निकला जाणारी एक मुलगी म्हणाली, "सर, अँ आणि अँ जमलं, ब आणि ब जमलं. पण चर्स्टनमध्ये च आहे आणि क्लार्कमध्ये क. एक अक्षर कुठे आहे?" देवनागरीत ती साखळी खरोखरच तुटत होती. इंग्रजीतील एकच अक्षर आपल्याकडे दोन ध्वनींत विभागले जाते, हे मला खडूने भिंतीवर लिहून दाखवावे लागले. त्यावरून एक खेळ सुरू झाला. बोईसरमध्ये 'ब' कोण, पालघरमध्ये 'प' कोण, सरावलीत 'स' कोण, याची मोजदाद झाली. 'स'ने नाव सुरू होणारे तिघे बसले होते. सगळे हसले, आणि परत जाताना त्या तिघांतील एकाला मी वळून मागे पाहताना पाहिले.

मते येऊ लागली ती या टप्प्यावर. ऑपरेटरला वेळापत्रकाची योजना फार आवडली. ज्याचे आयुष्य पाळीच्या भोंग्यावर आणि गाडीच्या वेळेवर चालते, त्याला खुनाचेही वेळापत्रक असू शकते ही कल्पना भावली असावी. कादंबरीत मधूनमधून कस्ट नावाच्या, युद्धातून परतलेल्या, आकडी येणाऱ्या आणि दारोदार पायमोजे विकणाऱ्या माणसाची प्रकरणे येतात. निवेदक हेस्टिंग्ज तेथे बाजूला होतो. अध्यापनात मी या तंत्राला 'दृष्टिकोनाचा पालट' म्हटले असते. एक सेवानिवृत्त हवालदार म्हणाले, "लेखिका ज्याला इतक्या वेळा दाखवते, तो नसणार. आम्हीही असंच करायचो, ज्याच्यावर संशय नाही त्याच्याच घरी चहा प्यायचो." तंत्राविषयी याहून नेमके विधान मला करता आले नसते. तोदोरोव्ह या समीक्षकाने १९६६ साली दाखवून दिले होते की, रहस्यकथेत दोन कथा असतात, गुन्ह्याची आणि तपासाची, आणि पहिली कथा दुसरी सुरू होण्याआधीच संपलेली असते. हवालदारांना तोदोरोव्ह ठाऊक नव्हता. पण तपासाची कथा वाचकाला मुद्दाम भलतीकडे नेते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

पॉलिटेक्निकच्या मुलीचा आक्षेप निराळा होता. बेक्सहिलची ती तरुणी मेल्यावर सगळे तिला चांगली मुलगी म्हणतात. खरे बोलते ती फक्त तिची बहीण. "मेलेल्या मुलीबद्दल दोनच गोष्टी बोलतात," ती म्हणाली. "एक तर देवी होती, नाहीतर तिचंच चुकलं. ती कशी होती ते कोणी सांगत नाही."

पाचव्या बैठकीत एका वृद्ध गृहस्थांनी आपण होऊन बोलायला सुरुवात केली. १९६८ साली ते दहाबारा वर्षांचे होते आणि मुंबईच्या उत्तर उपनगरांत, रुळांजवळच्या एका झोपडीत राहत होते. रामन राघवचे ते वर्ष. रात्री झोपडीत आणि पदपथावर झोपलेल्या माणसांची डोकी ठेचली जात. "उकाड्यात बाहेर झोपायची सोय राहिली नाही," ते म्हणाले. "बाप आणि शेजारी काठ्या घेऊन आळीपाळीने जागायचे. सकाळी पुन्हा कामावर." आम्ही काही क्षण कादंबरी विसरून गेलो.

त्या प्रकरणाची सार्वजनिक माहिती अशी आहे. १९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत लोहमार्गालगत आणि पुन्हा १९६८ मध्ये उत्तर उपनगरांत हे हल्ले झाले. रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास झाला, ऑगस्ट १९६८ मध्ये अटक झाली, १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. मानसिक आजार असाध्य असल्याचे निष्पन्न झाल्यामुळे १९८७ मध्ये ती जन्मठेपेत बदलली गेली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. त्याच्यावर १९९१ मध्ये श्रीराम राघवन यांनी एक चित्रपट केला आणि २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांनी त्याचे नाव शीर्षकात घेऊन दुसरा. बळींची संख्या मात्र निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी दिली जाते. मी त्या वृद्ध गृहस्थांना विचारले, त्यांच्या वस्तीत मेलेल्यांपैकी कोणाचे नाव आठवते का? ते बराच वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, "मारणाऱ्याचं नाव आठवतं."

घरी आल्यावर मला दुसरे प्रकरण आठवले. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहाजणांचे खून झाले. त्यांत संस्कृत व्याकरणाचे गाढे अभ्यासक काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते. चौघा आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. हे प्रकरण महाराष्ट्र 'जोशी-अभ्यंकर हत्याकांड' या नावाने, म्हणजे बळींच्या नावाने ओळखतो. एका प्रकरणाला मारणाऱ्याचे नाव आणि दुसऱ्याला मेलेल्यांचे, असे का झाले असावे? मेलेल्यांना शहरात घर होते की नव्हते, यावर ते अवलंबून असावे, याहून वेगळे उत्तर मला सुचले नाही. आणि त्या दुसऱ्या नावातही सगळे सामावलेले नाहीत. अभ्यंकरांच्या घरी काम करणारी बाईही त्या रात्री मारली गेली. तिचे नाव न्यायालयीन कागदपत्रांत असेल, लोकांच्या तोंडी ते नाही.

हा विचार मनात असतानाच शेवटची बैठक आली. खुनी कोण, हे मी येथे सांगत नाही. तसे वचन मी शेडमध्ये दिले आहे, कारण काहीजणांना ते पुस्तक पुढे इतरांना सांगायचे आहे. पण खुनाचा हेतू सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खुन्याला फक्त तिसरा माणूस मारायचा होता, तोही पैशासाठी. एकच खून झाला असता तर संशय थेट त्याच्यावर आला असता. म्हणून त्याने त्या खुनाच्या मागेपुढे आणखी खून पेरले, वेड्या माणसाने केलेले वाटावेत असे. ॲण्डोव्हरची वृद्धा आणि बेक्सहिलची तरुणी यांच्याशी त्याचे वैर नव्हते, ओळखही नव्हती. त्यांची आडनावे सोयीच्या अक्षरांनी सुरू होत होती, एवढेच.

ऑपरेटरने टाळी वाजवली. हवालदारांनी मान हलवली. मीही या रचनेवर खूश होतो. तेव्हा मागे बसलेली एक बाई बोलली. ती बारा बैठकींत एकदाही बोलली नव्हती. तिचा नवरा काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील स्फोटात गेला. ती म्हणाली, "म्हणजे आधीच्या दोघी उगाच गेल्या. मोजायला गेल्या." आणि थोडे थांबून, "पेपरात आमच्याकडे पण आकडाच आला होता. इतके ठार, इतके जखमी. सर, त्या दुकानवाल्या बाईचं काय होतं? तिच्या घरात काय काय होतं?"

या प्रश्नाने मी ओशाळलो, आणि त्याला कारण होते. कादंबरीत पॉयरो त्या वृद्धेच्या दुकानामागच्या खोल्यांत जातो आणि तिचे सामान पाहतो. तो भाग मी सांगितलाच नव्हता. कथेची गती मंदावते म्हणून तो मी वगळला होता. वाचक केवळ उत्कंठेचा भुकेला असतो असे ज्याने लिहिले, त्यानेच उत्कंठेसाठी त्या बाईचे घर कापून टाकले होते. तो दोष ना लेखिकेचा होता, ना श्रोत्यांचा.

अभिनवगुप्ताने भयानक रसाचे उदाहरण म्हणून 'शाकुंतला'च्या आरंभीचे हरिण घेतले आहे. रथ पाठीशी लागलेला आहे आणि हरिण मान वळवून मागे पाहत धावते आहे. ते भय ना माझे राहते, ना त्या हरिणाचे. ते सर्वांचे होते, असे साधारणीकरणाचे स्पष्टीकरण आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो. शेडमध्ये मला त्यातील एक साधी गोष्ट प्रथमच जाणवली. ते वर्णन शिकारी राजाच्या तोंडचे आहे, तरी दृष्टी हरिणावर खिळलेली आहे. अर्धवट चावलेले गवत त्याच्या तोंडातून वाटेवर पडते आहे, इतके ते नीट पाहिलेले आहे. म्हणूनच ते भय रसाच्या पातळीवर जाते. मालिका-खुनाच्या पुष्कळ कादंबऱ्यांत दृष्टी शिकाऱ्यावर खिळते. त्याचे बालपण, त्याची पद्धत, त्याची बुद्धी यांचे तपशील मिळतात आणि हरिण पानापानाला बदलत जाते. अशा ठिकाणी वाचकाला भय न मिळता फक्त हिशेब मिळतो. या प्रकाराचे मूल्यमापन करताना आम्ही भाषेची सफाई, पात्रांची खोली आणि शेवटाची अनपेक्षितता पाहतो. मेलेल्या माणसाला पुस्तकात किती जागा मिळाली, हा निकष मी कधी वापरला नव्हता. तो मला एका श्रोत्या बाईने दिला.

ख्रिस्ती यांच्या बाजूने येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. खुन्याने माणसांची अक्षरे केली, पण लेखिकेने त्या अक्षरांची पुन्हा माणसे करण्याचा थोडा तरी प्रयत्न केला आहे. बळींचे नातलग एकत्र येऊन तपासाला हातभार लावतात. त्यांत बंगल्यातले लोक आहेत तशी त्या दुकानवाल्या वृद्धेची मोलकरीण म्हणून काम करणारी भाचीही आहे. कथानकाच्या वेगात हे सहज निसटते. माझ्याकडून निसटले.

म्हणून तेरावी बैठक झाली. पुस्तक संपले होते, खुनी कोण ते सर्वांना कळले होते, तरी एकही जण गैरहजर नव्हता. मी फक्त वगळलेला भाग सांगितला. खुंटीला टांगलेले कपडे. खणात रफू करून ठेवलेली वस्त्रे. स्वयंपाकाच्या कृतींचे कागद. स्वस्तातले, पण नवे पायमोजे. आणि कागदी बांधणीची एक कादंबरी.

"म्हणजे ती पण वाचायची," बाई म्हणाली.

"हो, वाचायची."

"पुरी झाली होती का वाचून?"

ते लेखिकेने सांगितलेले नाही, असे मी म्हणालो. बाईने मान हलवली. नंतर तिने आपल्या नवऱ्याविषयी सांगितले. तो पहिल्या पाळीवरून आला की काय करी, त्याला कोणती भाजी आवडे, तो गाडीत उभ्याउभ्या कसा झोपे. आम्ही दहाबाराजण ते ऐकत होतो. त्याचे नाव तिने दोनदा घेतले. येथे ते लिहिण्याचा अधिकार मला नाही, परंतु सरावलीतील त्या शेडमध्ये ते आता सर्वांना ठाऊक आहे.

माझ्या जुन्या लेखातील ते विधान मी या टिपणाद्वारे मागे घेत आहे.